कोकणच्या परसात सफरचंद : वाचकांची पत्रे आणि उत्तरे

सफरचंदाच्या लागवडीविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. बहुतेक पत्रांत ‘रोगप्रतिकारक’ आणि ‘लवकर पिकणारी’ ही दोन विशेषणे आहेत, आणि रोपे विकणाऱ्यांच्या जाहिरातींतही तीच दोन असतात, म्हणून पहिल्या पत्राचे उत्तर जरा विस्ताराने दिले आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : दापोली तालुक्यात, समुद्रापासून आठ-दहा किलोमीटर आत, डोंगरउतारावर आमची जमीन आहे. हापूसची जुनी कलमे आणि थोडे काजू आहेत, आणि घरामागे पाच-सहा गुंठे जागा मोकळी आहे. तिथे सफरचंद लावावे असा मुलाचा आग्रह आहे. त्याने वाचन करून ‘विल्यम्स प्राइड’ आणि ‘प्रिस्टाइन’ या रोगप्रतिकारक व लवकर पिकणाऱ्या जाती निवडल्या आहेत. रोपवाटिकेवाले मात्र ‘ॲना’ किंवा ‘एचआरएमएन-९९’ घ्या, त्यांनाही रोग येत नाही, असे सांगतात. कोणाचे ऐकावे, आणि लागवड कशी करावी?
— एक वाचक, ता. दापोली

उत्तर : जातींच्या बाबतीत रोपवाटिकेवाल्यांचे ऐकावे, मात्र ‘रोग येत नाही’ हे त्यांचे बोलणे सोडून द्यावे.

आपल्या मुलाने निवडलेल्या दोन्ही जाती चांगल्या आहेत यात शंका नाही. अमेरिकेतील पर्ड्यू, रटगर्स आणि इलिनॉय या विद्यापीठांनी १९४०च्या दशकापासून एकत्रितपणे चालवलेल्या पैदास कार्यक्रमातून त्या निघाल्या. ‘विल्यम्स प्राइड’ १९८८ मध्ये आणि ‘प्रिस्टाइन’ १९९४ मध्ये लागवडीसाठी देण्यात आली. दोन्ही जातींची फळे तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे इतर सफरचंदे झाडावर हिरवीगार असतानाच, काढणीला येतात. त्यांना रोगप्रतिकारक म्हणतात ते मुख्यत्वे ‘स्कॅब’ या एका रोगामुळे. पानांवर आणि फळांवर काळपट, खरखरीत खपल्या धरणाऱ्या या बुरशीने १९७३ मध्ये काश्मीरच्या बागांत मोठी साथ आणली होती. ‘मालस फ्लोरिबुंडा’ नावाच्या शोभेच्या जंगली सफरचंदात या बुरशीला रोखणारे एक जनुक सापडले आणि संकराच्या अनेक पिढ्या करून ते खाण्याच्या सफरचंदात उतरवण्यात आले. तेही कायमचे अभेद्य राहिले नाही, कारण याच कार्यक्रमातील ‘प्रायमा’ या जातीवर १९९०च्या दशकात युरोपात या बुरशीचा नवा प्रकार आढळला.

आता आपल्या अंगणात हा रोग येण्याची शक्यता किती, ते पाहू. स्कॅबच्या बुरशीला कोवळी पालवी आणि गार, ओली हवा एकाच वेळी लागते. तापमान १६ ते २४ अंश सेल्सिअस असताना पान सलग नऊ तासांच्या आसपास ओले राहिले, तर बुरशी आत शिरते, आणि उष्णता वाढली की तिचा जोर ओसरतो. कोकणात पालवी फुटते तेव्हा माघ-फाल्गुनाचे कोरडे ऊन असते, आणि पाने ओली होतात तेव्हा हवा उबदार झालेली असते. जो चोर आपल्या गावाच्या वाटेलाच जात नाही, त्याच्यासाठी दाराला भारी कुलूप लावून उपयोग काय? आपल्याकडचे चोर वेगळे आहेत. पानांवरचे ठिपके, फळे कुजवणारा करपा आणि बुंधा सडवणारी जमिनीतील बुरशी हे ते तीन होत. स्कॅबला न जुमानणारे झाड या तिघांपैकी एकालाही अडवेल अशी खात्री देता येत नाही. चेक देशातील ‘टोपाझ’ या जातीत हेच स्कॅबविरोधी जनुक आहे, तरीही पानांवरच्या ठिपक्यांना ती सहज बळी पडते. म्हणून कोणीही ‘रोगप्रतिकारक’ म्हटले, की कोणत्या रोगाला, हा प्रश्न लगेच विचारावा. उत्तरात रोगाचे नाव आले नाही, तर ते विशेषण फक्त किमतीसाठी लावलेले आहे असे समजावे.

दुसरी अडचण थंडीची आहे. सफरचंदाचे झाड पाने गाळून झोपते आणि ७ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखालच्या थंडीचे ठरावीक तास भरल्याशिवाय त्याचे डोळे नीट फुटत नाहीत. ‘रॉयल डिलिशस’सारख्या जातींना असे हजार-बाराशे तास लागतात, आणि आपल्या मुलाने निवडलेल्या जातीही कडाक्याच्या हिवाळ्याच्या मुलखासाठीच निवडलेल्या आहेत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जानेवारीतले सरासरी किमान तापमान १८-१९ अंशांच्या घरात असते. दापोलीच्या पठारावर काही रात्री पारा दहाच्या खाली येतो हे खरे, परंतु तो पहाटेच्या दोन-चार तासांपुरताच. थंडी अपुरी पडलेले झाड ओळखणे सोपे आहे. फांदीच्या टोकाला पानांचा एक तुरा असतो, त्याखाली हातभर लाकूड उघडे राहते, त्यावरचे डोळे मिटलेलेच असतात, आणि एखाद-दुसरे फूल जानेवारीत तर एखादे एप्रिलमध्ये येते. असे झाड मरत नाही, दरवर्षी थोडेथोडे वाढते आणि मालकाला आशेवर ठेवते. ते लवकर मेले असते तर बरे, असे वाटण्याजोगी ही स्थिती असते.

कमी थंडीच्या जातींचा जन्मच वेगळ्या मुलखात झाला आहे. ‘ॲना’ ही इस्रायलमधील एन शेमर या किबुत्झमध्ये अब्बा स्टाइन यांनी ‘गोल्डन डिलिशस’च्या संकरातून तयार केली आणि तिला दोन-तीनशे तासांची थंडी पुरते. ‘डॉर्सेट गोल्डन’ बहामा बेटांवर एका घराच्या बागेत उगवलेल्या रोपातून पुढे आली, आणि तिची गरज ‘ॲना’हूनही कमी आहे. ‘एचआरएमएन-९९’ हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्याच्या पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी आपल्या परसात उगवलेल्या रोपावरून वाढवली, आणि या कामाबद्दल त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. या तिन्ही जाती उष्ण प्रदेशात फळतात, आणि त्यांचे खरे गुण कमी थंडीची गरज व फळ लवकर तयार होणे हे आहेत. रोगप्रतिकारासाठी त्यांची पैदास झालेली नाही.

कोकणाच्या दृष्टीने फळ लवकर तयार होणे हाच यांतला सर्वांत मोलाचा गुण आहे, कारण आपल्याकडे पिकण्याची अंतिम तारीख मृग नक्षत्र ठरवते. ‘ॲना’चे फळ फुलोऱ्यापासून सुमारे साडेतीन महिन्यांत तयार होते. जानेवारीत फूल आले तर एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत फळ हाती येते, आणि झाड मोकळे होऊन आगोटीच्या कामाला लागता येते. तेच फूल मार्चमध्ये आले, तर फळ जूनच्या अखेरीस पावसात भिजत पिकते आणि आंब्यावर करपा आणणाऱ्या बुरशीचीच भावंडे त्याला झाडावर कुजवतात. लवकर पिकणारी जात घेऊन भागत नाही, तिला वेळेवर फुलवावेही लागते.

पुरेशी थंडी नसताना वेळेवर फुलवण्याचा मार्ग आहे. इंडोनेशियात, जावा बेटाच्या पूर्वेकडील बातू आणि मलांग या भागात, विषुववृत्तापासून जेमतेम आठ अंशांवर, सफरचंदाच्या बागा आहेत. तिथे खरा हिवाळा येतच नाही, म्हणून फळे काढल्यावर काही आठवड्यांनी सर्व पाने हाताने खुडतात, फांद्या वाकवून बांधतात, आणि वर्षातून दोन बहार घेतात. यामागचे कारण असे, की जून झालेले पान आपल्या बगलेतल्या डोळ्याला दबवून ठेवते. डोळा गाढ झोपी जाण्याआधीच ते पान काढून टाकले, तर थंडीची वाट न पाहता तो फुटतो. देशावरचे डाळिंब बागाईतदार पाण्याचा ताण देऊन आणि पानगळ करून बहार धरतात, त्याच जातीचे हे काम आहे.

दापोलीसाठी त्याचे वेळापत्रक असे ठेवता येईल. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी कमी करत न्यावे आणि पुढे दोन-तीन आठवडे ते पूर्ण बंद ठेवावे. आपल्या जांभ्याच्या जमिनीत ओल फार टिकत नाही, त्यामुळे त्याहून अधिक ताण देऊ नये. डिसेंबरच्या मध्याला सर्व पाने देठाशी धरून वरच्या दिशेने खुडावीत, कारण खाली ओढल्यास बगलेतला डोळाही सोबत निघून येतो. वाळकी आणि एकमेकांवर घासणारी काटकी त्याच वेळी छाटावी, उभ्या फांद्या सुतळीने आडव्या करून बांधाव्यात, शेणखत घालून भरपूर पाणी द्यावे. तीन-चार आठवड्यांत फुले दिसू लागतील. द्राक्षाच्या बागांत डोळे फोडण्यासाठी वापरतात ते हायड्रोजन सायनामाइड चार-सहा झाडांसाठी घरी आणू नये. ते अतिशय विषारी आहे, आणि पाने खुडणे हे एका सकाळचे काम आहे.

लागवडीसाठी पिशवीतील कलमे सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या आरंभी, पावसाचा जोर ओसरल्यावर लावावीत. आंब्याप्रमाणे मृगाच्या तोंडावर ती लावू नयेत, कारण नव्या मुळांना चार महिने पाण्यात उभे राहणे सोसत नाही. उताराची जागा आपल्याकडे आहे ही चांगली गोष्ट आहे. खड्डा काढून माती भरल्यावर भोवतालच्या पातळीपेक्षा हात-दीड हात उंच उंचवटा करावा, कलम त्यावर लावावे, आणि कलमाचा जोड मातीच्या वर वीतभर तरी मोकळा ठेवावा. जोड मातीत गेला तर बुंधा सडण्याची वाट आपणच मोकळी करून देतो. खुंट, म्हणजे कलम ज्यावर बांधले आहे तो मुळांकडचा भाग, कोणता आहे तेही विचारून घ्यावे. ‘एमएम-१०६’ हा खुंट लोकप्रिय आहे, पण पाणी साचणाऱ्या जागी बुंधासडीला तो नाजूक आहे, त्यामुळे पर्याय असेल तर ‘एमएम-१११’ घ्यावा. मुळांवर गाठी किंवा कापसासारखा पांढरा लेप दिसला, तर तो लोकरी मावा असू शकतो आणि ते रोप परत करावे. दोन झाडांत साडेतीन-चार मीटर अंतर पुरे.

‘ॲना’ एकटीही थोडीफार फळते, परंतु शेजारी ‘डॉर्सेट गोल्डन’ असल्यास फळधारणा चांगली होते. आपल्या जागेत दोन ‘ॲना’, एक ‘डॉर्सेट गोल्डन’ आणि कुतूहल म्हणून एक ‘एचआरएमएन-९९’ एवढीच झाडे सुरुवातीला लावावीत. सातेरी मधमाश्यांची एखादी पेटी ठेवता आली तर आंब्यालाही तिचा उपयोग होईल. पहिली दोन वर्षे आलेली फुले खुडून टाकावीत. पुढे फळे सुपारीएवढी झाली, की प्रत्येक घोसात एकच फळ राखून बाकीची काढावीत आणि राखलेल्या फळावर, हापूसला घालतात तशी, कागदी पिशवी चढवावी. तिच्यामुळे उन्हाचा चटका आणि फळमाशी या दोन्हींपासून बचाव होतो. कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा आंब्यासाठी आपण लावतच असाल, तो या झाडांच्या जवळपास टांगावा.

फळ लालभडक होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. सालीचा लाल रंग भरायला गार रात्री लागतात, आणि आपल्या एप्रिलच्या रात्री गार नसतात. फळाच्या एका बाजूला लाली चढेल आणि बाकी साल पिवळट-हिरवी राहील. चव आंबटगोड असते, आणि काढल्यावर आठवडा-पंधरवड्यात खाल्ले नाही तर गर पिठूळ होतो.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी मी ‘एचआरएमएन-९९’ची काही कलमे लावली. वाढ चांगली आहे. गेल्या श्रावणात पानांवर तपकिरी ठिपके पडले, पाने पिवळी होऊन गळाली आणि गणपतीपर्यंत झाडे जवळजवळ बोडकी झाली. दसऱ्याच्या सुमारास त्याच झाडांना फुले आली! लोक शुभशकुन म्हणतात. दोन-चार फळे धरली तीही लिंबाएवढी होऊन गळाली. हा कोणता रोग? रोगप्रतिकारक म्हणून मिळालेल्या झाडांना तो कसा झाला?
— एक वाचक, ता. राजापूर

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वर आलेच आहे. तुमच्या वर्णनावरून हा ‘मार्सोनिना’ या बुरशीचा प्रादुर्भाव असावा असे वाटते. हिमाचल आणि उत्तराखंडातील बागांत पावसाळी पानगळीचे हे एक प्रमुख कारण आहे. खात्री करण्यासाठी गळालेले पान उन्हाकडे धरून पाहा. वरच्या बाजूला गडद, कडा विसकटलेले ठिपके एकमेकांत मिसळलेले असतील आणि भिंगातून त्यांत मोहरीहूनही बारीक काळे दाणे दिसतील, तर तो मार्सोनिना होय. ठिपका लहान, गोल, मध्यभागी फिकट आणि भोवती जांभळट कडा असलेला असेल, तर ‘अल्टरनेरिया’चा संशय घ्यावा. परसबागेपुरती दोन्हींवरची उपाययोजना एकच आहे.

दसऱ्याला आलेली फुले शकुनाची नाहीत. डिसेंबरात माणसाने जे काम हाताने करायचे, ते इथे बुरशीने ऑगस्टमध्येच उरकले आहे. पाने अकाली गळाली, डोळ्यांवरचा दाब उठला, आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी राखलेला फुलोरा झाडाने ऑक्टोबरात खर्चून टाकला. त्या फळांना पोसायला लागणारी साखर पाने तयार करतात, आणि पाने तर दोन महिने झाडावर नव्हतीच, तेव्हा फळे लिंबाएवढी होऊन गळणे क्रमप्राप्त होते. कोणी विचारील, की ऑक्टोबरच्या फुलाचे फळ जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे पावसापासून लांब तयार होते, तर तोच बहार का धरू नये? पाने शाबूत राखून एखाद्या झाडावर हा प्रयोग हौसेने करायला हरकत नाही, परंतु परतीचा पाऊस कोकणात ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रेंगाळतो आणि फुललेले झाड त्यात सापडले तर वर्ष वाया जाते. मला डिसेंबरची पानगळच अधिक भरवशाची वाटते.

त्यामुळे कोकणातल्या सफरचंदाचे खरे राखण पावसाळ्यात करावे लागते, आणि तेही झाडावर फळ नसताना. मे महिन्यात फळे उतरवली की आपण झाडाकडे पाठ फिरवतो. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत जी पाने झाडावर टिकतात, तीच पुढच्या बहाराचे भांडवल असतात. दाट फांद्या मेअखेर विरळ कराव्यात, म्हणजे उघडीप मिळताच वारा आतपर्यंत फिरतो आणि पाने लवकर सुकतात. झाडाखालचे गवत कापून ठेवावे. गळालेली पाने रोज नाही तरी आठवड्याला गोळा करून खड्ड्यात, वर चुना टाकून, पुरावीत, कारण बुरशी त्यांतच पुढच्या मोसमापर्यंत तग धरते.

फवारणीसाठी सुपारीच्या कोळे रोगावर मारतात तेच बोर्डो मिश्रण वापरता येते. फक्त सफरचंदाच्या पानाला तांबे कधीकधी चटका देते, म्हणून ते अर्ध्या टक्क्याचे करावे. शंभर लिटर पाण्यासाठी अर्धा किलो मोरचूद आणि अर्धा किलो चांगला कळीचा चुना पुरतो. मोरचूद पन्नास लिटर पाण्यात आणि चुना पन्नास लिटर पाण्यात, प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या पिंपांत विरघळवून, दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतून ढवळावीत. धातूचे भांडे वापरू नये. तयार मिश्रणात स्वच्छ घासलेला लोखंडी विळा किंवा सुरी मिनिटभर बुडवून काढावी. पात्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण अजून आम्ल आहे, त्यात थोडी चुन्याची निवळी घालून पुन्हा पाहावे. पाते जसेच्या तसे निघाले, की मिश्रण त्याच दिवशी वापरून संपवावे. आधी एका फांदीवर फवारून चार दिवस वाट पाहावी. पाने करपली नाहीत तर पहिली फवारणी पावसाच्या आरंभी, ठिपके दिसण्यापूर्वी करावी आणि त्यानंतर आषाढ-श्रावणात जेव्हा दोन दिवसांची उघडीप मिळेल तेव्हा साधारण महिन्याच्या अंतराने ती पुन्हा करावी. फळे झाडावर असताना मात्र हे मिश्रण मारू नये, कारण फळांच्या सालीवर खरखरीत डाग उठतात.

तुमच्या झाडांची शक्ती गेल्या वर्षी खर्च झालेली आहे, त्यामुळे येत्या हंगामात फळांचा लोभ धरू नका. फुले खुडा, खत द्या आणि झाडे पानांनी भरू द्या.

प्रश्न : आमचे मूळ घर आंबोलीत आहे. तिथे हवा थंड असते, मग कमी थंडीच्या जातींऐवजी काश्मीरची खरी सफरचंदे का लावू नयेत? ‘फिरदौस’ आणि ‘शिरीन’ या रोगप्रतिकारक जातींविषयीही ऐकले आहे.
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आंबोलीची हवा माणसाला थंड वाटते, सफरचंदाला नाही. सुमारे सातशे मीटर उंचीवरच्या या गावात हिवाळ्याच्या रात्री सुखद असतात, परंतु सात अंशांखालचे हजार तास तिथे कुठून भरणार? ‘फिरदौस’ आणि ‘शिरीन’ या काश्मीरच्या हवेसाठी, आणि स्कॅबला तोंड देण्यासाठी तयार झालेल्या जाती आहेत. त्या तिथेच शोभतात. दक्षिणेत कोडाईकनालच्या डोंगरात ‘पार्लिन्स ब्यूटी’ ही कमी थंडीची जात होते, पण ते गाव दोन हजार मीटरांच्या वर आहे.

आंबोलीची मोठी अडचण पावसाची आहे. वर्षाला सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस आणि दिवसचे दिवस न उठणारे धुके, यांत वर सांगितलेली पावसाळी पानांची राखण जवळजवळ अशक्य होते. घराच्या पागोळीपासून दूर, उंच वरंब्यावर एखादे ‘ॲना’चे झाड हौसेपुरते लावा. सावंतवाडीला, खाली, थोडी उष्णता अधिक असली तरी पाने टिकवणे त्या मानाने सोपे जाईल.

प्रश्न : अलिबागजवळ अर्धा एकर जागेत सफरचंदाची व्यापारी लागवड करण्याचा विचार आहे. देशावर सांगली, नाशिककडील शेतकऱ्यांना ती साधल्याच्या बातम्या वाचल्या. कोकणातही साधेल का? वानरांचा त्रास आहे.
— एक वाचक, ता. अलिबाग

उत्तर : व्यापारी लागवड करू नये, असे स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. देशावरचा हिवाळा कोरडा आणि रात्री थंड असतो. पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांत वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि पाण्याचा ताण हवा तेव्हा देता येतो. आपल्याकडे तेवढा पाऊस जुलैच्या एखाद्या जोरदार आठवड्यात पडून जातो. शिवाय आपले फळ मे महिन्यात येणार, तेव्हा बाजारात काश्मीरच्या शीतगृहातले आणि न्यूझीलंड-चिलीकडचे देखणे, टणक फळ असते, आणि ग्राहकाचे मन हापूसकडे असते. अर्धवट रंगाचे, आठवड्यात पिठूळ होणारे सफरचंद तिथे कोण घेणार? ओळखीच्या घरी पाटी भेट देण्यापुरते ते ठीक आहे.

पावसाआधी पिकणारे आणि रोगाला कमी बळी पडणारे झाडच हवे असेल, तर ते कोकणात आधीपासून आहे. कोकमाची फळे उशिरा पिकली की पावसात सडून खाली सडा पडतो, हे आपण पाहिले असेल. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात फळे पावसाआधी देते, म्हणूनच ती महत्त्वाची आहे. आंब्यात याच विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये दिलेल्या ‘रत्ना’ जातीच्या फळात हापूसला छळणारा साका, म्हणजे गर आतून भुसभुशीत होण्याचा दोष, होत नाही. करपा मात्र तिलाही येतो, आणि मोहोराच्या वेळची फवारणी चुकत नाही. अर्ध्या एकरात कोकम, थोडी ‘रत्ना’ची कलमे आणि कुंपणाच्या कडेने काजू असे मिश्र लावल्यास पैसा अडकून पडणार नाही.

वानरांविषयी एवढेच, की सफरचंद त्यांना कच्चेही चालते आणि कागदी पिशवी ते केळ्याच्या सालीइतक्या सहजतेने सोलतात. चार-पाच बुटक्या झाडांवर लोखंडी चौकट करून वरूनही बंद असलेली जाळी लावता येते. अर्धा एकर तसा झाकायचा खर्च फळांच्या किमतीतून निघणार नाही.

प्रश्न : बाजारातून आणलेल्या गोड सफरचंदाच्या बिया कुंडीत लावल्या तर तशीच फळे येतील का? बिया दोनदा लावल्या, उगवल्या नाहीत.
— एक विद्यार्थिनी, गुहागर

उत्तर : तशीच फळे येणार नाहीत. सफरचंदाचे फूल बहुतेक वेळा दुसऱ्या जातीच्या परागाने फळते, त्यामुळे प्रत्येक बी वेगळ्या आईबापांचे मिश्रण असते, आणि त्यातून आंबट, बारीक फळांचे झाड निघण्याचाच संभव अधिक. फळ यायला सहा-आठ वर्षे किंवा त्याहूनही अधिक लागतात. असे असले तरी तुझा उद्योग वेडेपणाचा नाही. ‘एचआरएमएन-९९’ म्हणून आज देशभर जाणारी कलमे १९९९ मध्ये हरिमन शर्मा यांच्या घरामागे टाकून दिलेल्या बियांतून उगवलेल्या एका रोपाची आहेत.

बिया उगवल्या नाहीत, कारण झाडाप्रमाणे बीलाही थंडीची झोप लागते. फळातून काढलेल्या बिया धुऊन ओलसर वाळूत किंवा ओल्या कागदी रुमालात गुंडाळ, झाकणाच्या डबीत घाल आणि फ्रिजमध्ये खालच्या भाजीच्या कप्प्यात दोन ते तीन महिने ठेव. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नकोस. दर आठवड्याला डबी उघडून कागद सुकला असल्यास पाणी शिंपड आणि बुरशी धरलेली बी काढून टाक. बीतून पांढरे मूळ डोकावू लागले, की ती बोटाच्या एका पेराएवढी खोल मातीत लाव. सप्टेंबरच्या अखेरीस डबी भरलीस तर डिसेंबरात बिया लावायला मिळतील, आणि रोपांना उन्हाळ्याआधी सहा-आठ पाने येतील.